दुधिवऱ्याच्या खिंडीत गाडी चढंना

न्हाई, मला एक सांगा, गाडीला खराटा बांधतं का कुणी? लिंबू-मिरची बांधत्यात, काळी भावली बांधत्यात, जुनी चप्पल लटकवत्यात, ते समदं मान्य... पन खराटा? आन् तोबी नव्या कोऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरला, जिच्या सीटवरचं प्लास्टिक मी अजून काढलेलं न्हाई, तिच्या टाळक्यावर खराटा उभा! आन् वर मलाच सांगत्यात, "काका, उद्या येताना घरूनच आणा हं, आम्हाला इथे चांगला मिळाला नाही." घ्या! म्हंजी अपमान माझा आन् त्याचं सामानबी माझ्याच घरचं!

थांबा, पयल्यापासून सांगतो, न्हाईतर तुमी म्हनाल श्रीपतीचं डोकं फिरलं. मी श्रीपती, वलवनचा. टुरिस्ट फिरवतो. लोणावळ्यात कुनालाबी इचारा, माझी गाडी कुनाच्या मागं बघितली का? न्हाई बघितली! पुढं गाडी दिसली की माझा हात आपोआप हॉर्नवर जातो, पाय दाबला जातो, त्याला मी काय करू? माझ्या भाच्याच्या वरातीत मी नवरदेवाच्या घोड्याला ओव्हरटेक केलता. घोडं बिथरलं, नवरदेव थेट मांडवात उतरला, मुहूर्त गाठला का न्हाई? गाठला! पन आभार मानलं का कुनी?

तर ती सायकलची शर्यत. आंतरराष्ट्रीय! बरेच दिवस चाललेली, शेवटचा टप्पा आमच्याकडं. कुटकुटल्या देशांची पोरं आलेली, मांड्या अशा की आपल्याकडं खांब असत्यात. सुदुंबऱ्यातनं सुटायचं, तळेगाव, कामशेत, पवनानगर करत दुधिवऱ्याची खिंड चढायची आन् लोणावळ्यात येऊन संपवायचं. आता तुमी म्हनाल सायकलच्या शर्यतीत तुजं काय काम? अवो, तीच तर गंमत! सायकली चालवनार ते, पन गाड्या लागनार आमच्या! पंचांची गाडी, डॉक्टरची गाडी, चाकांची गाडी, पान्याची गाडी, त्या गाड्या बिघडल्या तर त्यांच्यासाठी गाडी... एवढ्या गाड्या बघून मी म्हनलं, मग त्या पोरांनाबी बसवून न्या की एखादीत, कशाला दमवताय?

मीटिंग झाली लोणावळ्याला, हॉटेलच्या हॉलमंदी. सगळ्या वाहतुकीचे मुख्य ते प्रदीप सर, पुन्याचे, गळ्यात कार्ड, हातात वॉकीटॉकी. भिंतीवर ह्यो मोठा नकाशा. कुटला रस्ता कधी बंद, कुटला कधी चालू, कुटं पोलीस, कुटं रुग्णवाहिका. मानूस हुशार, खोटं कशाला बोलू? फकस्त एक खोड, बोलताना आपल्याकडं बघायचा न्हाई, नकाशाकडंच बघायचा. जनू आमी नकाशातच राहतो.

म्हनाला, "सगळ्यात पुढची गाडी, लीड कार, दत्तोबा."

दत्तोबा! माजा साडू! माज्या बायकोच्या, शालनच्या थोरल्या बहिनीचा नवरा. जो ट्रकच्या मागं लागला तर ट्रक घरी पोचेस्तोवर मागंच राहतो, इंडिकेटर देऊन दहा मिनटं इचार करतो, तो दत्तोबा सगळ्यात पुढं! का, तर त्याच्या गाडीचं छत उघडतं, त्यातनं साहेब बाहेर डोकावनार आन् झेंडा हलवनार. मी मनात म्हनलं असू दे, दुसरी गाडी माजी. दुसरी दुसऱ्याला गेली. तिसरी गेली. चाकाची गेली, पान्याची गेली. शेवटी मीच उठलो, म्हनलं, "सर, मी कुटं?"

"तुम्ही शेवटी."

"शेवटी म्हंजी, डॉक्टरच्या मागं?"

"सगळ्यांच्या मागे. शेवटच्या सायकलवाल्याच्या मागे. जे दमतील, सोडून देतील, त्यांना गोळा करत यायचं. जगभर त्या गाडीला झाडूगाडी म्हणतात, वर झाडू बांधायची परंपरा आहे."

परंपरा! हॉलमंदी दत्तोबा असा हसला, आवाज न करता, फकस्त पोट हालत होतं.

आन् माज्या शेजारच्या सीटवर कोन दिली? चैताली. पुन्याच्या कॉलेजातली पोरगी, स्वयंसेवक, चुनचुनीत, पन गाडीत बसल्या बसल्या पयलं वाक्य काय? "काका, एकच नियम. मागेच राहायचं हं!" जो जलमभर मागं राहिला न्हाई, त्याला!

घरी मी काय सांगितलं असंल? सांगितलं, आंतरराष्ट्रीय ताफ्यात हाय. एवढंच! ताफ्याला पुढं-मागं असतं हे मी कशाला सांगू? झालं, शालननं भावकीत फोन फिरवले, समदी गाडी करून दुधिवऱ्याच्या खिंडीत आधीच जाऊन बसली, भाकऱ्या बांधून, सतरंज्या घेऊन. माझी मावससासू झुंबरबाई, तिला गुडघ्यानं चालवत न्हाई, तिलाबी उचलून नेली, का तर "जावई जगात चाललाय!"

शर्यत सुटली. तुमाला सांगतो, सुदुंबऱ्याच्या येशीतनं त्या सायकली सुटल्या त्या अशा, भर्रर्र, मधमाशांचं मोहोळ उठावं तशा. मी गाडी चालू केली, दुसरा टाकला, तिसरा टाकला, अंगात आलं माज्या...

"काका, मागेच राहायचं हं!"

ब्रेक.

पुढं बघतो तर एकटाच सायकलवाला. लांबडा, गोरा, कान लालभडक झालेले, पेडल मारतोय निवांत. समदं मोहोळ गेलं पुढं आन् हा एकटा पाहुन्याला निरोप देऊन परतल्यासारखा चाललाय. मी म्हनलं, "ह्यो कोन गं?" म्हनाली, "काका, तो आइसलँडचा आहे. गुन्नार." आइसलँड! नुसता बर्फ असतो म्हने तितं. आता बर्फातला मानूस मावळाच्या उन्हात आनून सोडल्यावर काय हुनार? इतळनारच की! म्हनाली, गेले सगळे दिवस हाच शेवटचा येतोय, पन एकदाबी गाडीत बसला न्हाई.

आन् मग सुरू झाली ती वरात. तो पुढं, मी मागं. अवो, म्हशीबी माज्याकडं बघत हुत्या! तळेगावच्या पुढं एक म्हातारा सायकलवर गवताचा भारा घेऊन रस्त्याच्या कडंनं चाललेला, त्यानं मला मागं टाकलं आन् जाताना मान हलवली, बिचारा म्हनून! मधनंमधनं दमलेली पोरं गाडीत चढायची. चढायच्या आधी पाठीवरचं नंबराचं कापड सोडून चैतालीच्या हातात द्यायचं, म्हंजी शर्यत सोडली. एकाचं चाक मोडलेलं, एकाचं पोट बिघडलेलं, एक नुसताच रडत हुता. मी त्यांना चिक्की दिली. मानसाला रडू आलं की चिक्की द्यावी, तोंड चिकटतं, रडता येत न्हाई.

पन खरा तमाशा माज्या मागं. कसं हाय, माजी गाडी गेली की पोलीस मागनं रस्ता खुला करत्यात. आन् रस्ता खुला झाला की सकाळपासनं अडकलेली समदी दुनिया येऊन माज्या पाठीला लागती! दुधाचे टेम्पो, ऊसाचा ट्रॅक्टर, पवनेच्या कडंला तंबूत झोपायला निघालेली पुन्या-मुंबईची पब्लिक... आन् मला कुनी ओलांडून जायचं न्हाई! बाटलीला बूच असतं ना, ते बूच मी! हॉर्न, हॉर्न, हॉर्न! जलमभर मी ज्यांच्यावर हॉर्न मारला त्यांनी समद्यांनी मिळून परतफेड केली.

माज्या लगेच मागं एक पांढरी गाडी. गॉगलवाला. त्यानं काच खाली करून, डोकं बाहेर काढून मला काय म्हनावं? "ओ काका! गाडी चालवता येत नाही का?"

मला! श्रीपतीला! गाडी चालवता येत न्हाई का! मी दार उघडायला हात घातला...

"काका, मागेच राहायचं हं! लक्ष देऊ नका."

तेवढ्यात शालनचा फोन. चैतालीनं स्पीकरवर टाकला. "अवं, दाजी गेले! हात केला त्यांनी आमाला! तुमी कुटं हाय?"

"येतोय."

"अवं, समद्या सायकली गेल्या की! पोलीस म्हनतोय आता फकस्त कचऱ्याची गाडी ऱ्हायलीय, ती गेली की उठा."

मी म्हनलं, "मग ती बघूनच उठा."

पवनानगर सोडलं आन् खिंडीचा चढ लागला. आता दुधिवऱ्याची खिंड तुमाला म्हाईत हाय. गाडीचा जीव जातो तितं, मानसाचं काय? गुन्नार उभा राहून पेडल मारायला लागला. सायकल डावीकडं जाती, उजवीकडं जाती, तोंडातनं फेस, पन पाय खाली टेकत न्हाई! रस्त्याच्या कडंला धोंडाबाई म्हनून एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी, तिनं इचारलं, "नाव काय रं ह्या लेकराचं?" चैताली ओरडली, "गुन्नार!" म्हातारीला ऐकू आलं गुणाजी. झालं! "चल रं गुणाजी! दम सोडू नगं गुणाजी!" तिचं ऐकून पुढची पोरं, त्यांचं ऐकून वरच्या वस्तीच्या बाया, समद्या खिंडीत गुणाजी गुणाजी! त्याला वाटलं असंल मराठीत 'पुढं चला'ला गुणाजी म्हनत्यात.

आन् हितं वॉकीटॉकी खरखरली. प्रदीप सर. "चैताली, खूप झालं. तुमच्या मागे कामशेतपर्यंत रांग लागलीय. गाडी त्याच्या शेजारी घ्या, नंबर काढून घ्या, बसवा त्याला."

चैताली म्हनाली, "सर, त्याला पोचायला दिलेली वेळ संपली नाहीये अजून. तो पोचू शकतो."

"वेळ त्याची आहे, रस्ता माझा आहे! मला वरून फोनवर फोन येतायत. गाडी शेजारी घ्या. ऑर्डर आहे."

पोरीचं तोंड उतरलं. मागं वळून बघितलं तर गाडीतली ती दमलेली पोरं, त्यांना मराठी कळत न्हाई, पन समदं कळलं हुतं. कुनी चिक्की चघळंना. पुढं तो गुणाजी, आपला डावीकडं उजवीकडं करत, त्याला पत्ताच न्हाई.

आता बघा, पेच कसा. गाडी शेजारी न्यायची म्हंजी काय? ओव्हरटेक! सकाळपासनं ज्याच्यासाठी माजा पाय शिवशिवत हुता, तेच करा म्हनून वरून हुकूम! जरा दाबलं असतं की मी त्याच्या बाजूला. खेळ खलास, रस्ता मोकळा, गॉगलवाल्याचं तोंड बंद, आन् वर भावकीपुढनं मी चौथ्या गेरात भन्नाट! दाबायचं का? तुमी सांगा, दाबायचं का?

मी वॉकीटॉकी हातात घेतली. म्हनलं, "सायेब, श्रीपती बोलतोय. गाडी चढंना."

"काय?"

"गाडी चढंना सायेब. गरम झालीया. दम टाकलाय तिनं."

"अहो, कालच म्हणालात ना, वाऱ्यासारखी पळते!"

"सपाटीवर सायेब! चढाचं कुटं बोललो मी?"

चैतालीनं माज्याकडं बघितलं, मग काट्याकडं बघितलं. काटा थंडगार, जाग्यावर. तिनं पदर न्हवता म्हनून ओढनी तोंडात कोंबली.

पन सर काय कमी? "तिथून हलवा! ढकला! काहीही करा!" ढकला म्हनल्यावर चैतालीनं मागं बघून नुसती मान हलवली, आन् तुमाला सांगतो, ती मघाशी रडनारी, पोट धरून बसलेली पोरं, एकजात टनाटन उड्या मारून खाली! लागली माजी गाडी ढकलायला! जगातले नामांकित पाय माज्या गाडीच्या मागं! आन् ढकलत्यात कशी, तोंडानं "हुऽऽश, हुऽऽश" लय मोठं, आन् हाताला जोर कायबी न्हाई. लबाडी शिकवावी लागत न्हाई बघा कुटल्याच देशाला.

तेवढ्यात गॉगलवाला उतरला. "अरे बाजूला व्हा, असं नसतं ढकलायचं!" म्हनून तो खरंच जोर लावायला लागला! त्याची बायको उतरली, ट्रॅक्टरवाला उतरला, दूधवाले उतरले, आन् ते समदे मनापासून ढकलत्यात हो! गाडी निघाली की पुढं! आता आली का पंचाईत? ते मागनं ढकलत्यात, आन् मी आत ब्रेकवर पाय ठेवून "अजून जोर लावा, अजून जोर लावा!" घामाघूम झाले बिचारे. गॉगलवाला म्हनाला, "काका, ही गाडी विकून टाका, भंगारात द्या." मी म्हनलं, "व्हय दादा, इचार चाललाय."

आन् अशा थाटात आमी आलो खिंडीच्या तोंडाशी, जितं माजी भावकी!

डोळ्यांपुढं आना. सतरंज्या अंथरलेल्या. शालन पुढं उभी, नवी साडी, हातात आरतीचं ताट! पयला आला गुणाजी, त्याला तिनं गडबडीत कुंकू लावलं, तो कुंकवासकट पुढं गेला. आन् मागनं मी. डोक्यावर आमच्याच अंगनातला खराटा, आन् गाडी ढकलायला निम्मं जग लागलेलं. शालननं ताट खाली ठेवलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. बोलली ती झुंबरबाई, सतरंजीवर बसल्या बसल्या, खिंडीला ऐकू जाईल अशी: "आगं शालन, ह्यो जावई रस्ता झाडत आलाय का गं?"

भावकीबी ढकलायला आली हो! माजा चुलतभाऊ, माजे पुतने, तो घोड्यावरचा भाचा! "मामा, तुमी? तुमची गाडी?" म्हनला. डोळ्यांत पानी त्याच्या. मला खरं सांगता येईना, वॉकीटॉकी चालू, पलीकडं सर कान लावून. मान खाली घातली मी आन् ब्रेक दाबून बसलो. ह्या एवढ्याशा खिंडीत, भर दुपारी, माजी वीस-बावीस वर्सांची अब्रू समद्यांनी मिळून ढकलत वर आनली.

वर आल्यावर पुढं उतार. गुणाजीनं जी सायकल सोडली म्हनता! मघाचा इतळलेला मानूस, उतारावर दगडासारखा गेला! आता मला त्याच्या मागं जायला दमछाक! चौथा टाकला, पाचवा टाकला, सर इकडं ओरडत्यात, "आता कशी पळतेय गाडी?" मी म्हनलं, "उतार हाय सायेब, उतारावर टोपलीबी पळती." चैताली नेमकी तवा काय म्हनाली असंल? "काका, आज पहिल्यांदा सांगते, मागे राहू नका!"

लोणावळ्यात पोचलो तर तितं मंडपवाल्यानं खुर्च्या एकावर एक रचायला घेतलेल्या, बक्षिसं वाटून झालेली, दत्तोबा छतातनं बाहेर डोकं काढून उसाचा रस पीत हुता. गुणाजी आला. शेवटचा. पन वेळंत! पंचानं घड्याळ बघितलं, परत बघितलं, आन् मान डोलावली. टाळ्या कुनी वाजवल्या? गाडीतल्या त्याच पोरांनी, चैतालीनं, आन् मंडपवाल्याच्या दोन गड्यांनी, त्येबी खुर्च्या खाली ठेवून. पोरगी तर ढसाढसा रडली. मी चिक्की पुढं केली.

मग तो गुणाजी आला माज्या गाडीपाशी. मी म्हनलं, आता हात मिळवील, आभार मानील, कुनीतरी ओळखलं म्हनायचं! त्यानं माज्या बोनेटवर हात ठेवला, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवत्यात ना, तसा, आन् चैतालीला इंग्रजीत कायतरी बोलला. मी म्हनलं, काय म्हनतोय? ती म्हनाली, "काका, तो म्हणतोय, वरून मागे वळून बघितलं तेव्हा तुमची गाडी ढकलताना दिसली. फार वाईट वाटलं म्हणे. अशी जुनी गाडी घेऊन तुम्ही शेवटपर्यंत आलात, हार मानली नाही, तुम्हाला सलाम."

जुनी! सीटवर प्लास्टिक हाय हो तिच्या!

चैताली खरं सांगायला निघाली, मी डोळ्यानंच दाबलं तिला. मागं प्रदीप सर उभे. पोरीचं प्रमानपत्र बाकी हुतं अजून. म्हनलं, "थँक्यू म्हनावं त्याला. लय जुनी हाय."

आता तुमाला वाटंल संपलं. संपलं कुटं? दुसऱ्या दिवशी सकाळी दारात कोन? दत्तोबा! सोबत त्याचा खास मिस्त्री, माऊली म्हनून, पान्यांची पिशवी घेऊन. दत्तोबा म्हनला, "साडूभाऊ, रात्री झोप लागली न्हाई मला. आपल्या मानसाची अशी फजिती झालेली बघवत न्हाई. माऊली बघंल, तुमी फकस्त बसा." मी म्हनलं, अरे काय झालेलं न्हाई गाडीला! शालन म्हनली, "गप बसा तुमी! समद्या भावकीनं बघितलंय!" आन् त्या माऊलीनं बोनेट उघडलं, कान लावला, म्हनाला, "आवाज बदललाय." काय बदललाय? कुटं बदललाय? मी वरडतोय, कोन ऐकतंय? त्यानं हे सोडलं, ते सोडलं, अंगनात समदं मांडलं, धुतलं, पुसलं, परत बसवलं, आन् दोन-चार सामान उरलं ते पिशवीत टाकून गेला, म्हनाला, ह्याची गरज न्हवती.

परवा टुरिस्ट घेऊन दुधिवऱ्याला गेलतो. तुमाला सांगतो... आता खरंच चढंना.